नॉरफोक : पाहुण्यांवर जगणारा इंग्लंडचा एक ग्रामीण जिल्हा



गटाच्या बैठकीत पर्यटनाचा विषय निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "आपल्या गावात बघण्यासारखं आहे तरी काय?" किल्ला असेल, धबधबा असेल तर लोक येतील, नाहीतर कशाला कोण येतंय, असं आपल्याला वाटतं. म्हणून आज मी तुम्हाला इंग्लंडमधल्या अशा एका भागात घेऊन जाणार आहे, जिथे डोंगर नाही, धबधबा नाही, समुद्र आहे पण तो थंडगार, आणि आभाळ कधी भरून येईल त्याचा नेम नाही. तरीही तिथे वर्षानुवर्षं लोक हौसेने जातात. त्या भागाचं नाव नॉरफोक.

इंग्लंडमध्ये जिल्ह्याला काउंटी म्हणतात. नॉरफोक ही इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरची काउंटी. आकार लक्षात यावा म्हणून सांगते. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचं क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर आहे आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेआठ लाखांच्या घरात होती. नॉरफोकचं क्षेत्रफळ साधारण ५,३७० चौरस किलोमीटर आणि २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या नऊ लाखांच्या थोडी वर. म्हणजे जवळजवळ सिंधुदुर्गाएवढाच मुलूख. फरक एवढाच, की सिंधुदुर्गाच्या पाठीशी सह्याद्री उभा आहे आणि नॉरफोकमधली सगळ्यात उंच जागा शंभर मीटरच्या थोडीशी वर. आपण तिला टेकाड म्हणू. बाकी सगळी सपाट शेतजमीन. गहू, सातू, साखरेचं बीट, बटाटे, मोहरी. मोटारवे नावाचे जे मोठे रुंद रस्ते इंग्लंडभर आहेत, त्यातला एकही या काउंटीत नाही.

जायचं कसं आणि कधी

लंडनहून रेल्वेने साधारण दोन तासांत नॉरिच येतं. नॉरिच हे नॉरफोकचं मुख्य शहर. दुसऱ्या मार्गाने गेलं तर तेवढ्याच वेळात किंग्ज लिन हे जुनं बंदर येतं. आपल्याला जायचं तर आधी व्हिसा लागतो, आणि खर्च पौंडात होतो. जायचा चांगला काळ जून ते ऑगस्ट. जूनमध्ये रात्री नऊनंतर सूर्य मावळतो, त्यामुळे दिवस संपता संपत नाही. पण उन्हाळा म्हणजे आपला चैत्र-वैशाख समजू नका. स्वेटर आणि छत्री पिशवीत हवीच.

गावांची नावं विचारताना मात्र सांभाळायचं. लिहितात एक आणि म्हणतात एक. एका गावाच्या नावाची अक्षरं जुळवली तर आपण 'वायमंडहॅम' वाचू, तिथले लोक म्हणतात 'विंडम'. दुसरं एक 'हॅपिसबर्ग' असं दिसतं, त्याला म्हणतात 'हेझब्रा'. पाहुणा चुकला की तिथले लोक गालातल्या गालात हसतात, आपल्याकडे मुंबईचा पाहुणा गावाचं नाव चुकीचं घेतो तेव्हा आपण हसतो तसं.

लोकरीने बांधलेली गावं

आधी जुनी शहरं बघू. नॉरिचमध्ये शिरताच लांबूनच एक उंच सुळका दिसतो. ते तिथलं कॅथेड्रल, म्हणजे मुख्य चर्च. त्याचं बांधकाम १०९६ मध्ये सुरू झालं. सुळक्याची उंची ९६ मीटर. इंग्लंडमधल्या चर्चच्या सुळक्यांत उंचीला दुसरा. याच चर्चच्या आवारात एडिथ कॅव्हेल या परिचारिकेची समाधी आहे. ती नॉरफोकच्याच एका खेड्यातली. पहिल्या महायुद्धात बेल्जियममध्ये तिने अडकलेल्या सैनिकांना पळून जायला मदत केली, म्हणून जर्मन लष्कराने १९१५ मध्ये तिला गोळ्या घातल्या.

एका शेतीच्या मुलखात एवढी मोठी बांधकामं कशी झाली? तर लोकरीमुळे. पाचशे-सातशे वर्षांपूर्वी इथे मेंढ्या होत्या आणि घरोघरी सूत कातणं, विणणं चालायचं. वुस्टेड नावाच्या छोट्या गावावरून एका प्रकारच्या लोकरी कापडाला वुस्टेड हे नाव पडलं. सुटाचं कापड विकणारे दुकानदार आजही हा शब्द वापरतात. त्या पैशातून गावोगावी चर्च उभी राहिली. मध्ययुगातली साडेसहाशेहून जास्त चर्च आजही नॉरफोकमध्ये आहेत. काही चर्चभोवती आता दहा घरंसुद्धा नाहीत.

या विणकामाची आणखी एक गोष्ट आहे. १५६५ मध्ये नॉरिचमधला कापडाचा धंदा मंदावला होता. तेव्हा शहराने समुद्रापलीकडच्या, म्हणजे आजच्या हॉलंड-बेल्जियमच्या भागातल्या तीस विणकर कुटुंबांना बोलावून घेतलं. तिकडे धर्मावरून छळ चालला होता, म्हणून मागाहून आणखी हजारो आले. लोक त्यांना 'स्ट्रेंजर्स', म्हणजे परके म्हणायचे. या परक्यांनी नव्या तऱ्हेची विणकामं आणली, धंदा पुन्हा उभा केला. येताना त्यांनी पिंजऱ्यातले पिवळे कॅनरी पक्षीही आणले, असं सांगतात. नॉरिचच्या फुटबॉल संघाचं टोपणनाव आजही 'कॅनरी' आहे आणि खेळाडूंचा सदरा पिवळा.

नॉरिचचा बाजार तर आपण बघायलाच हवा. शहराच्या मधोमध, रंगीबेरंगी पट्ट्यांच्या छपराखाली गाळे. भाजी, मासे, कापड, गरम खाणं. नऊशेहून जास्त वर्षं हा बाजार भरतो आहे. बाजूला एल्म हिल नावाची दगडी फरशांची गल्ली आहे, दोन्ही बाजूंना लाकडी सांगाड्याची जुनी घरं. साधारण शंभर वर्षांपूर्वी ही गल्ली मोडकळीला आली होती आणि पाडून टाकायचं घाटत होतं. तेव्हा काही नागरिकांनी १९२३ मध्ये 'नॉरिच सोसायटी' नावाची संस्था काढली आणि ती वाचवायचा आग्रह धरला. आज नॉरिचला आलेला पाहुणा एल्म हिल बघितल्याशिवाय परत जात नाही.

किंग्ज लिनमध्ये दोन मोठे चौक आहेत. एकाचं नाव शनिवार बाजार चौक, दुसऱ्याचं मंगळवार बाजार चौक. आपल्याला हे काही नवं नाही, पुण्यात तर वारांच्या पेठाच पेठा आहेत. या बंदरातून जर्मनीच्या व्यापारी शहरांशी मोठा व्यापार चालायचा. त्या व्यापाऱ्यांनी १४७५ च्या सुमारास बांधलेलं गोदाम नदीकाठी अजून उभं आहे.

एका बाईने सांगितलं, दुसऱ्याने लिहिलं

या दोन शहरांत दोन बायका होऊन गेल्या, त्यांच्याविषयी थोडं थांबून बोलायला हवं.

पहिली नॉरिचची ज्युलियन. तिचं खरं नाव कोणालाच माहीत नाही, ज्या चर्चला लागून ती राहिली त्याचंच नाव तिला मिळालं. १३७३ मध्ये, तिशीत असताना ती मरणाच्या दारात गेली आणि त्या आजारात तिला काही दर्शनं झाली. पुढे तिने चर्चच्या भिंतीला लागून असलेल्या एका लहान खोलीत कायमचं राहायचं व्रत घेतलं. खिडकीशी येणाऱ्या दुःखी-कष्टी माणसांना ती चार शब्द सांगायची. तिने लिहिलेलं पुस्तक हे बाईने इंग्रजीत लिहिलेलं, आज उपलब्ध असलेलं सगळ्यात जुनं पुस्तक मानलं जातं.

दुसरी किंग्ज लिनची मार्जरी केम्प. ही संसारी बाई. चौदा मुलं झाली. तिने बिअर बनवायचा धंदा काढला, तो बसला. मग घोड्याच्या जात्यावर दळण काढलं, तेही चाललं नाही. त्यानंतर तिचं मन देवाकडे वळलं. ती पायी आणि जहाजाने जेरुसलेम, रोमपर्यंत यात्रा करून आली. मोठमोठ्याने रडायची म्हणून लोक वैतागायचे, पाद्र्यांनी तिची चौकशी केली, पण ती बधली नाही. साधारण १४१३ मध्ये ती ज्युलियनलाही भेटून आली. उतारवयात तिने आपली हकिगत तोंडी सांगितली आणि दुसऱ्यांनी ती लिहून घेतली. इंग्रजीतलं पहिलं आत्मचरित्र म्हणून त्याचं नाव घेतात. ती वही शेकडो वर्षं हरवलेली होती. १९३४ मध्ये एका घरातल्या कपाटात सापडली.

आपल्या बहिणाबाई चौधरींनाही लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या गायच्या आणि घरातल्या मुलांनी ते टिपून घेतलं, म्हणून आपल्यापर्यंत आलं. मार्जरीच्या घराण्याचं नाव आज लिनमध्ये ऐकू येतं ते मुख्यतः तिच्यामुळे, जरी तिचे वडील त्या शहराचे नगराध्यक्ष होते.

थेटफर्डमधला घोड्यावरचा सरदार

नॉरफोकच्या दक्षिण टोकाला थेटफर्ड नावाचं छोटं शहर आहे. तिथे नदीतल्या बेटावर फेटा बांधलेल्या, घोड्यावर बसलेल्या एका शीख राजाचा पुतळा आहे. हे पंजाबचे शेवटचे महाराज दुलीपसिंग. इंग्रजांनी १८४९ मध्ये पंजाबचं राज्य खालसा केलं तेव्हा ते अकरा वर्षांचेही नव्हते. पुढे त्यांना इंग्लंडला नेलं. थेटफर्डजवळच्या एल्व्हडन इथे त्यांनी मोठी जहागीर घेतली आणि तिथल्याच चर्चच्या आवारात त्यांचं दफन झालं. हा पुतळा १९९९ मध्ये उभारला. जगभरातले शीख आज इथे येतात. दुलीपसिंगांचे पुत्र फ्रेडरिक यांनी थेटफर्डला एक जुनी लाकडी वास्तू भेट दिली, तिथे आता संग्रहालय आहे.

त्यांची मुलगी सोफिया हिचं बालपण एल्व्हडनला गेलं. इंग्लंडमध्ये बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून जे आंदोलन झालं, त्यात ही राजकन्या पुढे होती. १९१० मध्ये पार्लमेंटवर गेलेल्या मोर्चात ती पहिल्या रांगेत होती. "मत नाही तर कर नाही" असं म्हणून तिने कर भरायचं नाकारलं, तेव्हा तिचे दागिने जप्त करून लिलावात काढले होते.

समुद्रावरची गावं कशी वसली

आता किनाऱ्यावर जाऊ. समुद्रात डुंबायला, हवा खायला जाणं ही इंग्लंडमध्ये आधी श्रीमंतांची गोष्ट होती. समुद्राचं पाणी प्रकृतीला चांगलं, असं डॉक्टर सांगायला लागले, म्हणून लोक जायला लागले. मग रेल्वे आली आणि गिरणीतल्या कामगारालाही एक दिवस समुद्र बघणं परवडू लागलं. नॉरफोकच्या क्रोमर गावात रेल्वे १८७७ मध्ये पोचली. १९३८ मध्ये पगारी रजेचा कायदा झाला आणि कुटुंबाने आठवडाभर समुद्रकिनारी राहायचा रिवाज पक्का झाला.

या पाहुण्यांना ठेवून कोण घ्यायचं? बहुतेक ठिकाणी बायकाच. घरातल्या वरच्या खोल्या भाड्याने द्यायच्या, सकाळ-संध्याकाळ जेवण घालायचं. अशा घरमालकिणीला लँडलेडी म्हणत. तिच्या कडक नियमांवर इंग्लंडमध्ये खूप विनोद झाले, पण हिशेब तिच्या हातात असायचा. त्यातूनच पुढे 'बेड अँड ब्रेकफास्ट' ही पद्धत रुजली. रात्रीची खोली आणि सकाळचा भरपेट नाश्ता, एवढंच द्यायचं. दुपारचं-रात्रीचं जेवण पाहुणा गावात कुठेही जेवेल. त्यामुळे घरची बाई दिवसभर चुलीला बांधली जात नाही आणि गावातल्या खाणावळीचाही धंदा होतो.

ग्रेट यार्मथ हे यातलं सगळ्यात गजबजलेलं गाव. वाळूचा लांब पट्टा, पाळणे, खेळाची दुकानं, तळलेला मासा आणि बटाट्याच्या फोडी. याच्याजवळच कायस्टर इथे १९०६ मध्ये कामगारांसाठी तंबूंची एक सुट्टीची छावणी सुरू झाली, इंग्लंडमधल्या पहिल्या काही छावण्यांपैकी एक. तिथे सुरुवातीला दारूला बंदी होती. हा नियम आपल्या गटातल्या बायकांना नक्की आवडेल.

पण यार्मथ मोठं झालं ते हेरिंग माशावर. हा आपल्या तारलीच्या जातकुळीतला मासा. दर शरद ऋतूत त्याचे थवे किनाऱ्याजवळ यायचे आणि शेकडो होड्या बंदरात दाटायच्या. त्यांच्या मागोमाग रेल्वेने यायच्या स्कॉटलंडच्या मुली, हजारोंनी. तिघींचा एक गट. दोघी मासे चिरून साफ करणार, तिसरी मिठात थर लावून पिंप भरणार. हात इतका जलद, की एका मिनिटात पन्नास-साठ मासे साफ व्हायचे. सुरी लागू नये आणि मीठ झोंबू नये म्हणून बोटांना कापडाच्या चिंध्या गुंडाळायच्या. काम नसेल तेव्हा चालता चालता सुद्धा त्यांच्या हातात विणकाम असायचं. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनी आणि रशियाचं गिऱ्हाईक तुटलं, नंतर मासाही अतिपकडीने संपत आला. आज तिथल्या जुन्या धुरी देण्याच्या कारखान्यात संग्रहालय आहे. भिंतींना माशाच्या धुराचा वास अजून येतो, असं बघून आलेले लोक सांगतात.

क्रोमरला समुद्रात लांबवर गेलेला एक धक्का आहे, त्याला पियर म्हणतात. १९०१ मध्ये तो खुला झाला. त्याच्या टोकाला नाट्यगृह आहे आणि तिथे आजही खेळ होतात. क्रोमरचा खेकडा प्रसिद्ध. खेकडा उकडायचा, आतलं मांस काढून साफ करायचं आणि पुन्हा त्याच्याच कवचात नीट भरून विकायचा. नुसत्या खेकड्यापेक्षा त्याला जास्त भाव मिळतो आणि कवच फोडायचा त्रास नको म्हणून पाहुणाही खूश. याच गावचे हेन्री ब्लॉग नावाचे कोळी बचाव-नौकेवर ५३ वर्षं राबले. त्यांच्या नौकेने ८७३ जीव वाचवले. ही बचावसेवा तिथे सरकार चालवत नाही, लोकांच्या देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालते.

हन्स्टनटनची गंमत वेगळी. पूर्व किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवतो, पण हे गाव एका खाडीच्या तोंडाशी पश्चिमेकडे तोंड करून बसलं आहे, म्हणून इथे सूर्य समुद्रात बुडतो. इथल्या कड्यांवर तांबडे-पांढरे पट्टे आहेत, थर लावलेल्या बर्फीसारखे. पुढे ब्लेकनीच्या वाळूवर सील नावाचे समुद्री प्राणी हिवाळ्यात हजारोंनी पिल्लं घालतात. होडीतून लांबूनच बघायचं, जवळ जायचं नाही. आई बिथरली तर पिल्लाला टाकून जाते.

खणलेल्या खड्ड्यांची तळी

नॉरिच आणि समुद्र यांच्यामध्ये तळ्यांचा आणि नद्यांचा एक मुलूख आहे, त्याला ब्रॉड्स म्हणतात. होडीतून फिरायला दोनशे किलोमीटरचा जलमार्ग. काठाला पाणगवत, पवनचक्क्या. सगळ्यांना वाटायचं, ही तळी निसर्गानेच केली. १९५० च्या दशकात जॉइस लॅम्बर्ट नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञ बाईंनी जमिनीत खोल छिद्रं पाडून माती तपासली आणि दाखवून दिलं, की तळ्यांच्या कडा सरळ तुटलेल्या आहेत, म्हणजे हे माणसाने खणलेले खड्डे आहेत. मध्ययुगात इथले लोक पीट खणून काढायचे. दलदलीत कुजून दाबलेल्या वनस्पतींचा तो काळा थर. वाळवला की गोवरीसारखा जळतो. पुढे समुद्राची पातळी चढली, खड्डे पाण्याने भरले. चुलीच्या सरपणासाठी खणलेले हे खड्डे बघायला आज लोक पैसे मोजून येतात. काठचं पाणगवत कापून घरं शाकारायचा धंदाही इथे अजून टिकून आहे.

गाव पाहुण्याला काय देतं

आता आपल्या कामाचा भाग. नॉरफोकच्या खेड्यात हिंडताना काही गोष्टी डोळ्यांत भरतात.

शेतातून जाणाऱ्या पायवाटांवर चालायचा हक्क तिथे कायद्याने सगळ्यांना आहे. शेत खाजगी असलं तरी नोंदलेली पायवाट अडवता येत नाही. पाहुण्याने वाट सोडायची नाही, फाटक उघडलं तर लावून घ्यायचं. किनाऱ्याने जाणारी अशी एक पायवाट सव्वाशे किलोमीटरहून लांब आहे.

शेताच्या फाटकाशी एक फळी मांडलेली असते. वर अंडी, भाजी, मुरंबा, शेजारी पैशांची पेटी. विकायला कोणी बसलेलं नसतं. वस्तू घ्यायची, किंमत पेटीत टाकायची.

शेरिंगम ते होल्ट अशी वाफेच्या इंजिनाची एक छोटी रेल्वे आहे. १९६० च्या दशकात सरकारने हा मार्ग बंद केला, तो गावकऱ्यांनी आणि हौशी लोकांनी पुन्हा सुरू केला. आजही तिकीट तपासणारे, झाडणारे बहुतेक जण स्वयंसेवक आहेत.

आणि वुमेन्स इन्स्टिट्यूट. हे खेड्यातल्या बायकांचं मंडळ. सुरुवात १८९७ मध्ये कॅनडात झाली, ब्रिटनमध्ये पहिलं मंडळ १९१५ मध्ये वेल्समधल्या एका गावात निघालं. पहिल्या महायुद्धाच्या काळात अन्न पिकवणं आणि टिकवणं हे त्यांचं मोठं काम होतं. महिन्याला बैठक, हिशेब, ठराव, केकची आणि मुरंब्याची स्पर्धा. राजघराण्याचा वाडा नॉरफोकमधल्या सँड्रिंगहमला आहे. राणी एलिझाबेथ १९४३ मध्ये, राजकन्या असताना, तिथल्या मंडळाच्या सभासद झाल्या आणि पुढे वर्षानुवर्षं जानेवारीतल्या बैठकीला इतर बायकांसोबत चहा घ्यायला जात. आपल्या गटाशी हे मंडळ सगळं जुळत नाही, त्यांच्यात बचत-कर्ज नसतं. पण दर महिन्याला ठरल्या दिवशी बसायचं, ही शिस्त तीच.

पाहुण्याने घरच विकत घेतलं तर

इथवर सगळं गोड वाटलं असेल. आता दुसरी बाजू.

किनाऱ्यावरचं बर्नहम मार्केट हे देखणं गाव. शहरातल्या पैसेवाल्यांना ते इतकं आवडलं, की त्यांनी तिथे सुट्टीसाठी घरं विकत घ्यायला सुरुवात केली. घरांचे भाव चढले. गावच्या शाळेतल्या शिक्षिकेला, दुकानात काम करणाऱ्या मुलीला, कोळ्याच्या मुलाला गावात घर परवडेनासं झालं. हिवाळ्यात अनेक घरांत दिवा लागत नाही. दिवा नाही म्हणजे दुकानाला गिऱ्हाईक नाही, बसला उतारू नाही, शाळेला पोर नाही. जवळच्या वेल्स गावात समुद्रकिनाऱ्यावर रंगीत लाकडी खोपटी आहेत, दिवसा कपडे बदलायला आणि चहा प्यायला. एकेका खोपटाची किंमत हजारो पौंडांत जाते.

म्हणून २०२३ मध्ये बर्नहम मार्केटच्या लोकांनी मतदान करून एक नियम मंजूर केला. गावात यापुढे जे नवं घर बांधलं जाईल, ते कायम राहणाऱ्या कुटुंबासाठीच असेल. शिवाय एप्रिल २०२५ पासून दुसऱ्या घरावर दुप्पट स्थानिक कर लावायची मुभा इंग्लंडमधल्या स्थानिक संस्थांना मिळाली आहे. पण आधी विकली गेलेली घरं या नियमाने परत येत नाहीत.

दुसरी अडचण हंगामाची. स्वस्त विमानं आली आणि इंग्लंडचे लोक ऊन शोधत स्पेनला जाऊ लागले. यार्मथसारख्या गावात उन्हाळ्यात हाताला काम, हिवाळ्यात नाही. पाहुण्यांच्या त्या गावात आजही खूप गरिबी आहे.

आणि तिसरा खुद्द समुद्र. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्र चढून आला, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०७ माणसं गेली. किनारा अजूनही दरवर्षी झिजतो आहे. हेझब्रा गावातले रस्ते आणि घरं कड्यावरून खाली गेली. हेम्सबीत २०२३ मध्ये कड्याच्या काठावरची घरं पाडावी लागली. त्याच हेझब्राच्या किनाऱ्यावर २०१३ मध्ये लाटांनी माती धुऊन नेली आणि खाली माणसांच्या पावलांचे ठसे निघाले. आठ लाखांहून जास्त वर्षांपूर्वीचे. आफ्रिकेबाहेर सापडलेले सगळ्यात जुने. मोठ्यांची आणि लहान मुलांची पावलं. अभ्यासकांनी घाईने फोटो काढले, मापं घेतली. दोनेक आठवड्यांत लाटांनी ते ठसेही पुसून नेले.

बैठकीत बोलण्यासाठी

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. आता तर राज्यात सगळीकडे, देशावरसुद्धा, कृषी पर्यटन आणि घरगुती निवासाची चर्चा आहे. तुमच्या गटातही ती निघेल. तेव्हा नॉरफोक आठवून तीन गोष्टींवर बोला.

पहिली, आपल्या रोजच्या कामातलं काय पाहुण्याला बघायला, खायला, विकत घ्यायला आवडेल? पीटचे खड्डे, माशाची धुरी, खेकडा साफ करणं ही सगळी तिथली रोजचीच कामं होती.

दुसरी, हंगाम संपल्यावरचे महिने कसे काढायचे? नुसत्या पाहुण्यांच्या भरवशावर कर्ज काढायचं का, की शेळ्या, शेती, शिलाई सांभाळून वर हा जोडधंदा करायचा? कर्जाचा हप्ता तर पावसाळ्यातही येतोच.

तिसरी गोष्ट जमिनीची. खोली भाड्याने देणं वेगळं आणि घर-जमीन विकणं वेगळं. भाडं दरवर्षी येतं, विक्रीचे पैसे एकदाच. घराच्या आणि सातबाराच्या उताऱ्यावर तुमचं नाव आहे का, ते या महिन्यात काढून बघा. नाव नसेल तर उद्या कोणी चांगला भाव घेऊन दारात आलं, तरी व्यवहार ठरताना तुम्हाला कोणी विचारणार नाही.

बैठकीत काय ठरलं ते वहीत लिहून ठेवा आणि आम्हाला कळवा. पुढच्या भागात ते वाचून दाखवू.